दोन घागरी पाणी

मास्तर : “...सदरहू यंत्र चालू करणेपूर्वी चालकाने सर्व भागांची यथायोग्य तजवीज करून घ्यावी.” हे झालं कलम पहिलं. कसं वाटतं, गुंडाप्पा?

गुंडाप्पा : लई भारी. तहसीलदारानं लिहिल्यावाणी.

शरणम्मा : मामा, तुमाला काय समजलं त्यातलं?

गुंडाप्पा : मला समजून काय करायचं, यव्वा? मला इंजिन येतंय की. अकरा वर्सं झाली ही गिरणी चालवतोय.

शरणम्मा : तेच म्हणते म्या. तुमाला येतंय, तुमाला कागद नको. मास्तरला येत न्हाय, पर त्येंला चालवायचं बी न्हाय. चालवायचं हाय मला. मास्तर, “यथायोग्य तजवीज” म्हंजी हातानं करायचं काय?

मास्तर : म्हणजे, सगळं ठीकठाक आहे ना, ते पाहून घ्यायचं.

शरणम्मा : काय पाहायचं? आन ठीक न्हाय ते कशावरनं वळखायचं?

मास्तर : ते मला कसं ठाऊक असणार? मी शाळेचा मास्तर. बेंबळीच्या सगळ्या दरख्वास्ती माझ्याच हातच्या. विहिरीच्या गाळाची माझी दरख्वास्त थेट गुलबर्ग्याला सुभेदारांच्या कचेरीत गेली होती. तिथं भाषेची तारीफ झाली.

शरणम्मा : आन गाळ निघाला का?

मास्तर : गाळ नाही निघाला. तारीफ झाली.

गुंडाप्पा : यव्वा, मास्तरला असं टोचू नगो. राशनच्या फारमाच्या कोऱ्या पाठी जपून आणल्यात त्येंनी आपल्यासाठी. लढाईच्या दिसात कागद मिळतोय व्हय कुठं?

शरणम्मा : म्हणून तर सांगते, वाया घालवू नका. मास्तर, नीट ऐका. सोमवारी गिरणी बंद असती, त्या दिवशी शिवलिंगप्पा मालक येणार. मामांनी भायेर बसायचं आन तोंड उघडायचं न्हाय. म्या एकटीनं इंजिन लावून पायलीभर ज्वारी दळून दावायची. जमलं तर काम आपल्याकडं, ही राहायची खोली बी आपल्याकडं. न्हाय जमलं तर लातूरचा डायवर ठरलेला हाय, त्यो ह्याच खोलीत येऊन राहणार. मग मामांचे हे मोतीबिंदूचे डोळे घिऊन आमी दोघांनी जायचं कुठं?

गुंडाप्पा : माझा ल्योक सिदू असता तर ही पाळीच आली नसती.

शरणम्मा : ते न्हाईत, मामा. तीन वर्सं झाली. म्या हाय. बार्शीला म्हायेरी तिसरीपतोर शिकलेली हाय. कागदावर लिव्हाल ते म्या वाचीन आन वाचीन तेच करीन. त्याच्या भायेरचं मला येत न्हाय.

मास्तर : मग इंजिनाबरोबर आलेलं ते पुस्तक होतं ना?

गुंडाप्पा : ते इंग्रजीत हाय. मालकानं एकदा वकिलाकडनं वाचून घेतलं. वकिलाला इंग्रजी कळलं, इंजिन कळलं न्हाय. तवापासनं ते देवळीत ठिवलंय. दसऱ्याला पूजतो.

मास्तर : बरं. हे कलम खोडतो. मग लिहू कसं?

शरणम्मा : मामा, तुमी हातानं करता तसं सांगा. पैल्यांदा काय?

गुंडाप्पा : पैल्यांदा दिवा पेटवायचा, इंजिनाच्या डोक्याखाली ठिवायचा. डोकं तापलं की चाक फिरवायचं. झालं सुरू. हाय काय त्यात?

मास्तर : “डोके पुरेसे तापवावे.”

शरणम्मा : पुरेसं म्हंजी किती?

गुंडाप्पा : तापलं की कळतंय.

शरणम्मा : तुमाला कळतंय.

गुंडाप्पा : अगं, लाल व्हतंय ते.

शरणम्मा : कुकवावाणी लाल का विटेवाणी लाल?

गुंडाप्पा : हे कुणी कधी इचारलंच न्हाय मला. जुन्या विटेवाणी. कुकवावाणी झालं म्हंजी जास्त झालं.

मास्तर : हे बरं सापडलं. आणि वेळ किती लागतो?

गुंडाप्पा : दोन बिड्या वढून हुईस्तोवर.

शरणम्मा : म्या बिडी वढत न्हाय.

मास्तर : मग मिनिटं लिहू? बारा-पंधरा मिनिटं?

शरणम्मा : घड्याळ गावात तुमच्या शाळेतलं एक. ते बी निम्म्या वक्ताला बंद. भाकरीत सांगा, मामा.

गुंडाप्पा : थांब. सकाळी तू भाकरी थापाय बसलीस की म्या दिवा लावतो. तुझी चौथी भाकर तव्यावरनं निघती, तवा म्या चाकाला हात घालतो. वास येतोय तिथवर.

मास्तर : “चार भाकरी होईपर्यंत.” इंजिनाच्या कागदात भाकरी. कचेरीतला पेशकार वाचील तर हसून लोळेल.

शरणम्मा : पेशकार दळण घिऊन येतो का कधी?

मास्तर : नाही.

शरणम्मा : मग हसू द्या त्याला. फुडं, मामा. चाक कसं फिरवायचं?

गुंडाप्पा : दोन्ही हातांनी धरायचं, मागं वढायचं आन जोरात म्होरं सोडायचं. अंगठा मातुर आत घालायचा न्हाय.

मास्तर : अंगठ्याचं काय?

गुंडाप्पा : हा बघा माझा उजवा. वाकडा दिसतोय न्हव? पैल्या वर्सीचा हाय. चाक कधी कधी उलटं मारतंय. अंगठा आत घालून मूठ आवळली तर सुटत न्हाय. चारी बोटं हायेत त्याच बाजूला अंगठा ठिवायचा.

शरणम्मा : आन हे तुमी आता सांगताय, मामा? चार दिवस झाले, तुमी सांगाल तसं चाक फिरवतेय म्या.

गुंडाप्पा : तू तसंच धरतीस की. हात लावून बघितलं हुतं म्या.

मास्तर : हे मोठ्या अक्षरात लिहितो. “अंगठा बोटांच्या बाजूला. आत घालू नये.” आता पट्टा.

शरणम्मा : पट्ट्याच्या आधी एक म्या सांगते, ते लिव्हा. “पदर कंबरेला खोचून दोन गाठी माराव्या.” मामा धोतरवाले, त्येंच्या ध्यानात येणार न्हाय. पट्ट्यात पदर गेला तर त्याच्या मागनं बाईच जाती.

मास्तर : लिहिलं. तुम्ही दोघं असं बोलत राहिलात तर मला काही सुचवायचं उरणार नाही.

शरणम्मा : अक्षर हाय की तुमचं. झाक हाय अक्षर.

गुंडाप्पा : म्हंजी तारीफ झाली तुमची, मास्तर.

मास्तर : शुक्रवार आज. उद्या संध्याकाळपर्यंत सगळं लिहून होईल. मग एक करू. रविवारी सकाळी, गिऱ्हाइकं यायच्या आधी, शरणम्मांनी एकटीनं कागद वाचून इंजिन लावायचं. सोमवारच्या आधीची तालीम. गुंडाप्पा, तुम्ही त्या दिवशी पहाटेपासून इंजिनाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

गुंडाप्पा : पाऊल बी नगो?

मास्तर : पाऊलही नको. तुमच्या हाताला सवय आहे. नकळत काही करून ठेवाल आणि मग कागदाची परीक्षा राहील बाजूला.

गुंडाप्पा : आन माझी सकाळची पूजा?

मास्तर : ती घरात करा. पूजेचा इंजिनाशी काय संबंध?

गुंडाप्पा : संबंध न्हाय, व्हय. कामात न्हाय ती. बरं, एक दिस न्हाय तर न्हाय.

(रविवारी सकाळी. इंजिन चालू आहे. गुंडाप्पा बाहेर लिंबाखाली, शरणम्मा आत, मास्तर मधे दारात.)

मास्तर : गुंडाप्पा, ऐकताय ना? अठराच्या अठरा कलमं पार पडली. चार भाकरी, विटेचा रंग, दुसऱ्या झटक्याला चाक फिरलं. पट्टाही बरोबर बसला. आता पीठ पडतंय. मी तर म्हणतो, ह्या कागदाला तोड नाही.

गुंडाप्पा : व्हय.

मास्तर : तुम्ही खूश दिसत नाही.

गुंडाप्पा : गप ऱ्हावा जरा. ऐकू द्या.

मास्तर : चाललंय की झकास. अर्धी पायली तरी झाली असेल.

गुंडाप्पा : ठोका बदललाय. कोरडा येतोय. शरणम्मा, आत काय दिसतंय?

शरणम्मा : इंजिनावरच्या हौदीतनं वाफ लई निघतीय, मामा. मगाशी थोडी हुती. आता काय दिसंना झालंय.

मास्तर : वाफेचं तर कागदात काही नाही.

गुंडाप्पा : कागद राहू द्या. यव्वा, तेलाची तोटी बंद कर. पैल्यांदा तोटी.

शरणम्मा : केली. थांबतंय आता. मामा, हौदीतलं पाणी पार तळाला गेलंय. घागर भरलेली हाय, वतते.

गुंडाप्पा : पाणी नगो. शरणम्मा, घागर खाली ठेव. ठिवलीस का?

शरणम्मा : ठिवली.

गुंडाप्पा : हात काढ घागरीवरनं. तापल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर तडकंल ते. मग ना तुझं, ना लातूरवाल्याचं. भायेर ये. ये, बस हितं माझ्यापाशी.

शरणम्मा : आले.

गुंडाप्पा : लागलं न्हाय न्हव कुठं?

शरणम्मा : न्हाय. पर अजून जरा उशीर झाला असता तर म्या वतली असती, मामा. चांगलं म्हणूनच वतली असती.

मास्तर : मी तीनदा वाचून काढला होता. अठरा कलमांत पाणी हा शब्दच नाही. गुंडाप्पा, पाण्याचं तुम्ही सांगितलंच नाही.

गुंडाप्पा : पाण्याचं काय सांगायचं? हौदी भरलेली असतीयच की.

शरणम्मा : कोण भरतंय?

गुंडाप्पा : असतीय भरलेली. रोजच असती.

शरणम्मा : मामा, कोण भरतंय?

गुंडाप्पा : म्याच. पर ते भरणं न्हाय, यव्वा. ती आंघुळ हाय.

मास्तर : कुणाची?

गुंडाप्पा : इंजिनाची. पहाटं आंघुळ झाली, लिंगपूजा झाली की तळहातावर भस्म घिऊन आत जातो. इंजिनाला तीन बोटं वढतो. मग वरनं दोन घागरी पाणी. ज्याच्या जिवावर आपलं पोट, त्याला आंघुळ घातल्याबिगर कामाला जुपायचं न्हाय. सोमवारी तर आमच्यात बैलाला बी जुपत न्हाईत. हे तर लोखंडाचं, बिचाऱ्याला बोलता बी येत न्हाय.

मास्तर : दोन दिवस मी तुमच्यासमोर बसलो. परत परत विचारलं, अजून काही राहिलं का?

गुंडाप्पा : तुमी काम इचारलं. पूजा कुणी कामात सांगतंय व्हय?

मास्तर : आणि मीच म्हणालो, तिचा इंजिनाशी काय संबंध. आज तुम्हाला आत जाऊ दिलं नाही ते मीच.

गुंडाप्पा : मनाला लागलं हुतं माझ्या. पहाटं हितं बसलो तर वाटत हुतं, काय तरी चुकतंय. पर मला वाटलं देवाचं चुकतंय. गिरणीचं चुकतंय हे ध्यानातच आलं न्हाय. अकरा वर्सं ज्याला पाणी घालतोय, त्याला पाणी लागतंय हे इसरलो म्या.

शरणम्मा : डोळे गेले म्हणून मालक तुमाला काढाय निघाले, मामा. पर डोळे असणाऱ्या आमा दोघांना तरी कुठं दिसलं? त्या भरल्या घागरी रोज म्याच तुमच्या हातात देते. कशाला लागतात, एकदा बी इचारलं न्हाय.

मास्तर : बरं, थोडक्यात निभावलं. सगळं खाली सरकवतो. पहिलं कलम पाण्याचं. “हौदीत दोन घागरी पाणी घालावे.” भस्माचं गाळतो, ते तुमचं खासगी.

गुंडाप्पा : मास्तर, राग मानू नगा. पर पूजेला नंबर द्यायचा? तेल, पट्टा, तोटी, आन त्यांच्या रांगेत पूजा? नंबर घातल्यावर ती पूजा ऱ्हाती का?

शरणम्मा : अकरा वर्सं तुमी एक दिस चुकवली न्हाय, मामा. कागदाला बी तेवढंच पायजे. आन थांबा, मास्तर, भस्म गाळू नका. मामा, भस्म वढताना हात कुठं टेकतो तुमचा?

गुंडाप्पा : डोक्यावर. दिवा लावतो तिथंच.

शरणम्मा : आन गरम लागलं तर?

गुंडाप्पा : गरम कसं लागंल पहाटं? हां, एकदा लागलं हुतं. पाटलाच्या लग्नाचं दळण हुतं, रातभर चालवून झाकटीला, पहाटं थांबलो आन लगीच परत लावायचं हुतं. भस्म वढाय गेलो तर चटका बसला. मग बसलो गप. गार झाल्यावर पाणी घातलं.

शरणम्मा : आता म्या घागर घिऊन हुबी हुते, तवा हेच ठाव न्हवतं मला. म्हंजी भस्म बी कामातच हाय.

मास्तर : मी गाळत होतो ते. थांबा, लिहितो. “एक. आंघोळ करून, बोटांना भस्म घेऊन, इंजिनाच्या डोक्याला हात लावावा. गार लागलं तरच हौदीत दोन घागरी पाणी घालावं. गरम लागलं तर पाणी घालू नये, गार होईपर्यंत थांबावं.” आणि भस्म न लावणारा कुणी चालवायला आला तर?

गुंडाप्पा : त्यानं त्याच्या देवाचं नाव घ्यावं. हात मातुर टेकावा.

शरणम्मा : आन दोन घागरी म्हंजी कुठल्या घागरी? पाटलाकडली मोठी घागर आणली तर? असं लिव्हा, हौदीच्या काठाच्या चार बोटं खाली पाणी यावं.

मास्तर : लिहिलं. गुंडाप्पा, आत जाऊन इंजिन चाचपून बघा एकदा. उद्याच्या परीक्षेला ते धड आहे ना?

गुंडाप्पा : बघतो. गार हुंद्या आधी. आवाजावरनं तरी कुठं तडकलं न्हाय.

*

(सोमवारी, गिरणीबाहेर. मालक दळण पाहून गेले आहेत.)

मास्तर : वेशीपर्यंत मालकांबरोबर चालत गेलो. काय म्हणाले सांगू?

शरणम्मा : सांगा की. जाताना आमच्याशी तर एक शब्द बोलले न्हाईत. पीठ बोटांत चोळून बघितलं आन निघाले.

मास्तर : म्हणाले, लातूरला आजच निरोप धाडतो, येऊ नको म्हणून.

शरणम्मा : खरं?

मास्तर : खरं. आणि म्हणाले, माझ्या मुरूमच्या गिरणीसाठी ह्या कागदाची एक नक्कल करा. तिथल्या डायवरानं औंदा दोनदा अंगठा मोडून घेतलाय.

शरणम्मा : मामा, ऐकलंत? खोली ऱ्हायली आपल्याकडं.

गुंडाप्पा : ऐकलं, यव्वा. भलं झालं. शिवलिंगप्पाचं बी भलं हुंदे.

शरणम्मा : म्या नवव्या कलमापतोर कागदात बघत हुते. तिथनं म्होरं बघायचं ध्यानातच ऱ्हायलं न्हाय. पीठ पडाय लागल्यावर कळलं, कागद पाटीवर तसाच पडलाय.

मास्तर : म्हणजे कागद चांगला झाला. मला वाटायचं, लोक वाचत बसले की लिहिणं चांगलं.

शरणम्मा : मामा, म्या बराबर केलं का?

गुंडाप्पा : बराबर केलंस. दोन्ही घागरी ऐकल्या म्या हितनं. पैली सावकाश वतलीस. दुसरी घाईनं.

शरणम्मा : मालक दारात हुबे हुते. भ्या वाटलं.

गुंडाप्पा : व्हय, वाटणारच.

शरणम्मा : पर ते न्हाय. दुसरंच काय तरी हाय तुमच्या मनात.

गुंडाप्पा : काय न्हाय. काल चुकलं ते चुकलं. पर आज सगळं बराबर झालं, तरी माझे हात कोरडेच ऱ्हायले. काम तुला दिलं त्याचं वाईट वाटत न्हाय, ते द्यायचंच हुतं. पर कामाबरूबर पूजा बी गेली. आता पहाटं उठून म्या करायचं काय, ते कळंना झालंय.

शरणम्मा : एवढंच? मास्तर, नक्कल करताय न्हव? ह्या कागदात असं लिव्हा. पैली घागर गुंडाप्पांची, दुसरी शरणम्माची. दारापासनं इंजिन सात पावलं हाय, भितीला हात लावून येता येतंय. भस्म बी तेच वढतील. गार हाय का गरम, ते त्येंच्या हाताला माझ्यापक्षा जास्त कळतंय.

मास्तर : मुरूमला गुंडाप्पा कुठून आणणार?

शरणम्मा : मुरूमच्या कागदात नका लिव्हू. ह्यात लिव्हा.

मास्तर : लिहितो. पण शरणम्मा, तुम्हीच म्हणाला होता, कागदावर लिहिलंय तेच करीन. आणि कागद पुष्कळ वर्षं राहतो. एखाद्या दिवशी, समजा, गुंडाप्पा परगावी असले...

गुंडाप्पा : परगावी. बरा शब्द काढलात, मास्तर. ह्या वयात म्या कुठल्या परगावी जाणार ते म्हायती हाय की तुमाला.

शरणम्मा : मामा.

गुंडाप्पा : न्हाय यव्वा, मास्तर बराबर बोलत्यात. मधी काय ऱ्हायलं की काय व्हतंय, ते काल बघितलं न्हव आपण. लिव्हा, मास्तर. गुंडाप्पा असला तर पैली घागर त्याची. नसला तर दोन्ही शरणम्माच्या, वाट बघत थांबायचं न्हाय.

मास्तर : लिहिलं. झालं?

गुंडाप्पा : दुसरी बी सावकाश वतायची. एवढं लिव्हा.